'स्लगहॉर्न' नावाचं वाद्य कुणी पाहिलंय का?

अर्धा_कप

लेकीचं हॅरी पॉटर सहाव्या भागापर्यंत आलंय. परवा भांडी आवरताना तिने विचारलं, "आई, स्लगहॉर्न म्हणजे काय गं? गोगलगाईचं शिंग?" त्या भागात प्रोफेसर होरेस स्लगहॉर्न म्हणून एक पात्र येतं, त्यावरून. मी म्हटलं, आडनाव आहे ते, आपल्याकडे वाघमारे असतात त्यांनी कुठे वाघ मारलेला असतो? तिचं समाधान झालं, माझं होईना. कारण हा शब्द मी फार पूर्वी कुठेतरी वाचला होता.

रात्री माळ्यावरून बी.ए.चं ब्राउनिंग (एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी) काढलं. सापडला! 'चाइल्ड रोलंड टू द डार्क टॉवर केम', शेवटून दुसरी ओळ: 'डॉन्टलेस द स्लग-हॉर्न टू माय लिप्स आय सेट' (निडरपणे स्लग-हॉर्न ओठांना लावलं). पुढची ओळ 'अँड ब्लू' (आणि फुंकलं) अशी सुरू होते आणि कविता संपते. समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'एक प्रकारची तुतारी'. सरांनी वर्गात सांगितलं असणार, आम्ही उतरवून घेतलं असणार.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: ३४ कडवी, प्रत्येकी सहा ओळी. एक सरदार अंधाऱ्या मनोऱ्याच्या शोधात निघालाय. का निघालाय, तिथे काय आहे, ब्राउनिंग काहीही सांगत नाही. वाटेत सगळं उजाड. हाडं मोजून घ्यावीत असा एक घोडा उभा. एक ओढा पार करताना हा भाल्याने तळ चाचपतो, तेव्हा पाण्यातून किंकाळी येते. बहुतेक पाणउंदीर असावा, तो म्हणतो, पण आवाज तान्ह्या बाळासारखा होता. (बी.ए.ला असताना या कडव्यामुळे मला दोन रात्री झोप नव्हती.) शेवटी मनोरा दिसतो आणि हा तोंडाला स्लगहॉर्न लावून फुंकतो. पुढे काय झालं? कविता संपली.

आता गंमत. मोठ्या कोशात शब्द पाहिला तर तिथे म्हटलंय की असं वाद्य नाही. कधीच नव्हतं. मग रोलंडने फुंकलं काय?

किडूकमिडूक

गोगलगाय अन् पोटात पाय ऐकलं होतं, डोक्यावर तुतारी आजच ऐकली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नेटकं

+१. वाचनखूण साठवली.

पंत_सातारकर

ताई, उत्तम धागा. विषय माझ्या जुन्या धंद्यातला आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा शब्द आपल्या सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे, फक्त वेषांतर करून आला आहे. शब्द आहे 'स्लोगन'. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत 'स्लुअघ' म्हणजे फौज, जमाव आणि 'गैरम' म्हणजे हाक, आरोळी. दोन्ही मिळून रणघोषणा. हाच शब्द दक्षिणेकडच्या स्कॉट्स बोलीत उतरला तेव्हा प्रत्येकाने आपापल्या कानाने लिहिला. एकाचे स्लोगन, दुसऱ्याचे स्लोगॉर्न, तिसऱ्याचे स्लगहॉर्न. गॅव्हिन डग्लस नावाच्या कवीने रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड'चे स्कॉट्समध्ये भाषांतर केले, ते १५१३ साली पूर्ण झाले. त्यात 'स्लोगॉर्न' आहे आणि शेजारीच पहाऱ्याच्या हाकेचा उल्लेख आहे. म्हणजे अर्थ स्वच्छ: तोंडाने दिलेली आरोळी. वाद्याचा संबंध नाही.

मग शिंग उगवले कुठून? शब्दाच्या शेपटीत 'हॉर्न' दिसला, तिथून. आणि ते पाहणारा पोरगा होता थॉमस चॅटरटन.

चॅटरटन १७५२ साली ब्रिस्टलला जन्मला. वडील जन्माआधीच वारले होते, आई शिवणकाम करून घर चालवी. मुलगा मठ्ठ आहे अशी समजूत होती. मग एकदा आई जुने संगीताचे बाड फाडत असताना त्यातली रंगीत नक्षीदार अक्षरे त्याच्या दृष्टीस पडली आणि त्या अक्षरांवरून तो वाचायला शिकला. जवळच सेंट मेरी रेडक्लिफचे भव्य चर्च. त्यात वरच्या खोलीत जुन्या पेट्या आणि त्यात चर्मपत्रांचे तुकडे. या पोराने त्या चर्मपत्रांच्या जोरावर पंधराव्या शतकातला थॉमस रौली नावाचा एक साधुकवी जन्माला घातला आणि त्याच्या नावाने कविता 'शोधून' काढू लागला. चर्मपत्रावर गेरू फासायचा, जमिनीवर घासायचे, की झाले तीनशे वर्षांचे जुने.

या रौलीच्या कवितांत लढाया भरपूर, आणि लढाईत स्लगहॉर्न वाजतात. चॅटरटनने स्वतः तळटीप दिली आहे की हे 'होबॉय'सारखे वाद्य. होबॉय म्हणजे आजचा ओबो.

सुरावट

एक मिनिट पंत. ओबो? म्हणजे पत्ती लावून वाजवायचं वाद्य? ते तर आपल्या सनईच्या घराण्यातलं!

पंत_सातारकर

होय. सतरा वर्षांच्या आतला मुलगा. रणांगणात सनई वाजवली त्याने.

किडूकमिडूक

लग्न आणि लढाई यात फरक काय, या प्रश्नाला हात घातला म्हणायचं. हाय काय नाय काय.

तर्कट

पंत, एक शंका. चॅटरटनने खोटं लिहिलं हे सिद्ध कसं झालं? 'शैलीवरून वाटतं' हे उत्तर नको. शैलीवरून लोकांना काहीही वाटतं.

पंत_सातारकर

शंका रास्त. शैलीचे वाद शंभर वर्षे चालले आणि त्यातून निष्पन्न काही झाले नाही. निकाल लागला तो मुद्रणदोषावर.

चॅटरटनकडे जुन्या इंग्रजी शब्दांसाठी दोन-तीन कोश होते. त्यातला एक जॉन कर्सीचा, १७०८ चा. तो आधी आधुनिक इंग्रजीत लिही, मग कोशातून जुने शब्द उचलून टाकी. त्यासाठी त्याने स्वतःची शब्दयादीही करून ठेवली होती. आता जुन्या इंग्रजीत 'चेरिसॉन्स' असा शब्द आहे, अर्थ दिलासा, सुख. कर्सीच्या कोशात छापताना शेवटची अक्षरे चुकून तो 'चेरिसॉनी'सारखा काहीतरी झाला. आणि पंधराव्या शतकातले आमचे रौली महाराजही नेमके 'चेरिसॉनी'च लिहितात! १७०८ च्या छापखान्यातली चूक अडीचशे वर्षे आधीच्या साधूला ठाऊक कशी? वॉल्टर स्कीट या भाषापंडिताने १८७१ च्या आवृत्तीत हा सगळा हिशेब मांडला.

तर्कट

हे आवडलं. ठसे सापडले म्हणायचे. मुद्दा मागे.

नेटकं

तर्कटने मुद्दा मागे घेतला, तारीख नोंदवून ठेवा.

अर्धा_कप

पंत, पण ब्राउनिंग? तो तर पोरगा नव्हता. चाळिशीचा, ग्रीक-लॅटिन कोळून प्यायलेला माणूस.

पंत_सातारकर

ब्राउनिंगला चॅटरटनचे वेडच होते. १८४२ मध्ये त्याने एका त्रैमासिकात निनावी लेख लिहिला, नावाला टॅसो या इटालियन कवीवरचे परीक्षण, पण आत बराचसा चॅटरटन. तिथून हा शब्द त्याच्या डोक्यात राहिला असणार. 'चाइल्ड रोलंड' ही कविता स्वप्नासारखी अंगावर आली आणि मी ती लिहूनच उठलो असे तो पुढे सांगे. १८५५ च्या 'मेन अँड विमेन' संग्रहात ती छापली गेली. स्वप्नात कोश कोण उघडतो?

खरे तर कोशाचीही गरज नव्हती. कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८०५ मध्येच 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल'मध्ये 'स्लोगन' अचूक वापरला होता, लढाईतली जीवघेणी आरोळी म्हणून. ते काव्य तेव्हा घराघरात होते. पण स्लोगन आणि स्लगहॉर्न हे सख्खे भाऊ आहेत हे ब्राउनिंगच्या ध्यानात आले नाही.

अवांतर: हा त्याचा एकमेव अपराध नव्हे. 'पिप्पा पासेस' (१८४१) मध्ये त्याने ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) डोक्यावरचे वस्त्र समजून एक शब्द वापरला आहे. सतराव्या शतकातल्या एका टवाळ कवितेतून उचललेला. पुढे ऑक्सफर्ड कोशवाल्यांनी 'हा शब्द कुठून घेतलात' म्हणून विचारणा केली. शब्द इथे लिहीत नाही. तो स्त्रीदेहाच्या अशा भागाचा आहे जो जोगिणी डोक्यावर घेत नाहीत.

संपादक

शब्द न लिहिल्याबद्दल आभार. कृपया इतरांनीही लिहू नये.

किडूकमिडूक

सगळे गुगल करून आले असतीलच. मी गेलो होतो. बिचारा ब्राउनिंग.

दक्षिणवारा

एडिनबरोहून लिहितोय, गेली अकरा वर्षं इथे आहे. हाय स्ट्रीटवरून रोज जातो, स्कॉटच्या त्या ओळीत याच शहरातल्या रस्त्यावर आरोळी उठते आणि एक सरदार पडतो.

पंतांच्या माहितीत एक भर. गेलिकमध्ये आजही घोषवाक्याला 'स्लुअघ-गैरम'च म्हणतात. (उच्चार देवनागरीत बसत नाही, माझ्या तोंडातही बसत नाही.) आणि 'स्लुअघ' या शब्दाला दुसरी एक काळी बाजू आहे. इथल्या लोककथांत स्लुअघ म्हणजे मेलेल्यांची फौज. अतृप्त आत्म्यांचा थवा, रात्री आकाशातून जातो, एकट्यादुकट्याला उचलून नेतो.

आता ब्राउनिंगचं शेवटचं दृश्य आठवा. रोलंड मनोऱ्यापाशी पोचतो तेव्हा त्याच्या आधी जे जे सरदार या शोधात गेले आणि मेले, ते सगळे डोंगरांच्या कडांवर रांगेत उभे राहून त्याचा शेवट बघतायत. मेलेल्यांची फौज! आणि तो फुंकतो काय, तर मेलेल्यांच्या फौजेची आरोळी! ब्राउनिंगला सगळं ठाऊक होतं असं वाटत नाही का?

तर्कट

नाही. आधी म्हणायचं त्याला स्लगहॉर्नचा साधा अर्थ माहीत नव्हता, मग म्हणायचं त्याला गेलिक भुतं माहीत होती. एक काहीतरी ठरवा.

दक्षिणवारा

मान्य, वाहवत गेलो. इथे नोव्हेंबर चालू आहे, चार-साडेचारला अंधार पडतो, भुतं पटकन सुचतात.

मोगरी

मला वाटत होतं हा रोलंड म्हणजे फ्रेंच महाकाव्यातला. तो शार्लमेन राजाचा सरदार, खिंडीत अडकतो आणि शेवटी शिंग फुंकतो, इतक्या जोराने की कपाळाच्या शिरा फुटतात. त्याचं शिंग हस्तिदंती, नाव ओलिफांत. ब्राउनिंगने ते न घेता स्लगहॉर्न का घेतलं?

पंत_सातारकर

मोगरी, हा रोलंड तो नव्हे, नाव तेवढे जुळते. ब्राउनिंगने शीर्षक घेतले शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधून. वादळात वेड्याचे सोंग घेतलेला एडगर ती ओळ बरळतो. 'चाइल्ड' म्हणजे पोर नव्हे हेही जाता जाता सांगतो. सरदारकीची दीक्षा अजून मिळायची आहे असा उमरावाघरचा तरुण, तो चाइल्ड. दरवर्षी एक तरी विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'बालक रोलंड' लिहीच.

मात्र शिंग फुंकायची कल्पना त्या दुसऱ्या रोलंडच्या सावलीतून आली असेल हे नाकारवत नाही.

सुरावट

भाषेतलं मला कळत नाही, पण मी तुतारी वाजवतो. आजोबा वाजवायचे, वडील वाजवायचे, आता मी लग्नं, मिरवणुका, पाहुण्यांचं स्वागत असली कामं घेतो. (तुतारी म्हटलं की हल्ली लगेच राजकारण सुरू होतं, तेवढं सोडून बोलूया.)

तुतारीला पत्ती नसते. सनईत पत्ती थरथरते, तुतारीत तुमचे ओठच थरथरतात. म्हणून वाजवायच्या आधी ओठ नीट बसवावे लागतात. घाईत लावली तर नुसती हवा जाते, फुस्स. अर्धा_कप ताईंनी दिलेली ओळ वाचली, 'टू माय लिप्स आय सेट'. बरोबर शब्द आहे तो. आधी बसवली, मग पुढच्या ओळीत फुंकली. मधली ती ओळ बदलायची जागा म्हणजे आमचा श्वास घेण्याचा क्षण.

दुसरं असं की घाबरलेल्या माणसाला तुतारी वाजत नाही. तोंड कोरडं पडतं. मी बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा माणसांसमोर उभा राहिलो, नवरदेव घोड्यावर, समोर दोनशे माणसं, आणि माझ्या ओठांना पाणीच सुटेना. वडिलांनी मागून खिशातली लिमलेटची गोळी पुढे केली. तर डॉन्टलेस म्हणजे निडर ना? तो शब्द तिथे उगाच नाहीये. निडर नसता तर वाजलंच नसतं.

चॅटरटन मात्र नापास. त्याने आयुष्यात शिंग तोंडाला लावलं नसणार.

अर्धा_कप

सुरावट, हा प्रतिसाद वाचून लेकीने टाळ्या वाजवल्या. लिमलेटच्या गोळीसाठी विशेष.

मोगरी

केशवसुत कसे कुणाला आठवले नाहीत अजून? 'एक तुतारी द्या मज आणुनि'. १८९३.

किडूकमिडूक

ते मागतायत, रोलंडकडे आहे. फरक एवढाच.

पंत_सातारकर

फरक मोठा आहे मिडूकराव. केशवसुतांची तुतारी लोकांना जागे करायला आहे, ऐकणारे समोर आहेत. रोलंडसमोर जिवंत कुणीच नाही.

नेटकं

वर्तमानपत्रवाल्यांनी केव्हाच हा प्रश्न सोडवलाय. 'निवडणुकीचे रणशिंग फुंकले' आणि खाली पक्षाचं घोषवाक्य. स्लगहॉर्न आणि स्लोगन एकाच बातमीत.

तर्कट

मूळ प्रश्न राहिला. एका चुकीच्या शब्दाला कवितेत माफी आहे का? निबंधात चूक ती चूक, मार्क कापतात. कवीने केली की आपण तिचं सौंदर्य शोधत बसतो. हा दुटप्पीपणा नाही?

पंत_सातारकर

अशा शब्दांना स्कीटनेच १८८६ मध्ये नाव दिले, 'घोस्ट-वर्ड', भुताळी शब्द म्हणू. कुणी कधी बोललेले नाहीत, केवळ चुकीने जन्मले आणि कोशात जाऊन बसले. त्याने अशी भुते गोळा केली होती. त्यातली दोन सांगतो.

एक आपल्याकडची. 'एडिनबरो रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या १८०८ च्या अंकात हिंदूंच्या रानटी चालीरीतींवर लिहिताना म्हटले आहे की कुणी आकड्यांना लटकून झोके घेतात, कुणी हातातून 'काइम्स' आरपार घालतात. आकडे म्हणजे आपले बगाड, आमच्या बावधनचे लोक जाणतातच. पण काइम्स? तर ते 'नाइव्ज' होते, सुऱ्या. खिळे जुळवणाऱ्याने अक्षरे चुकवली आणि वाचणाऱ्यांना वाटले, असेल काहीतरी भयंकर भारतीय हत्यार. आपल्या 'ध' चा 'मा' होतो तर माणूस मारला जातो म्हणतात, तिथे 'न' चा 'क' झाला आणि एक हत्यार जन्माला आले.

दुसरे स्कॉटच्या 'द मॉनेस्टरी' कादंबरीतले. तिथे मनात कत्तलीचे विचार 'नर्स' करणे, म्हणजे पोसणे, असे होते. छापताना झाले 'मॉर्स'. पुढे दोन विद्वानांनी त्याची व्युत्पत्ती दिली. एकाने बंदुकीच्या दारूच्या फ्रेंच शब्दावरून, दुसऱ्याने चावा घेणे या लॅटिन शब्दावरून. दोन्ही अगदी पटण्याजोग्या. शब्दच नाही, पण व्युत्पत्त्या दोन.

तर्कट यांच्या प्रश्नाला माझे उत्तर: काइम्स मेला, मॉर्स मेला. स्लगहॉर्न जगला, कारण त्याला चांगली ओळ मिळाली. यात न्याय नाही हे खरे.

दक्षिणवारा

पुन्हा येतोय, या वेळी भुतं आणणार नाही. रविवारी कविता नीट परत वाचली.

इथल्या घराण्यांच्या जुन्या रणघोषणा बघितल्या तर त्यात बहुतेकदा दोनच गोष्टी असतात. एक तर सरदाराचं नाव, नाहीतर जमायच्या जागेचं. कॅम्पबेलांची आरोळी 'क्रुआखन', तो एक डोंगर आहे. ग्रँटांची 'क्रेगेलाखी', तो एक खडक. अंधारात, धुक्यात, गोंधळात आपली माणसं कुठे आहेत हे कळावं म्हणून ओरडायचं. मी अमुक, इथे आहे.

आता शेवटच्या दोन ओळी पुन्हा बघा. स्लगहॉर्न ओठांना लावलं आणि फुंकलं. त्यानंतर पूर्णविराम, आणि मग अवतरणचिन्हात: 'चाइल्ड रोलंड टू द डार्क टॉवर केम'. अवतरणात! शिंगातून सूर निघालेला नाही, शब्द निघालेत. आणि कोणते? नाव आणि जागा. रोलंड, मनोरा.

ती आरोळीच आहे की. ब्राउनिंगला माहीत होतं असं मी म्हणत नाही, तर्कट, तलवार खाली ठेवा. त्याने चॅटरटनची चूक विश्वासाने उचलली, त्याला खरंच तुतारी वाटत होती. पण ओळ लिहिताना तुतारीतून जे बाहेर पडलं ते स्लोगन निघालं.

तर्कट

तलवार खाली.

सुरावट

आमच्यात म्हणतात तुतारी बोलली पाहिजे, नुसती वाजून उपयोग नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.

मोगरी

दक्षिणवारा, हे वेगळा धागा काढून लिहा. प्रतिसादांच्या ढिगात हरवेल.

अर्धा_कप

सगळ्यांचे आभार. लेकीला सगळं सांगितलं. चॅटरटन सतराव्या वर्षी लंडनच्या भाड्याच्या खोलीत संखिया (आर्सेनिकचं विष) घेऊन मेला हेही सांगितलं, तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे त्याला बारावीचा निकालसुद्धा बघायला मिळाला नसता. ती स्वतः आठवीत आहे, त्यामुळे तिला बारावी म्हणजे फार लांब वाटते.

पुस्तकातली पेन्सिलीची नोंद तशीच ठेवलीय. आमच्या सरांनी तरी ती तुतारी कुठून आणली कोण जाणे.

पंत_सातारकर

ताई, कॉलेज कोणत्या गावचे?

अर्धा_कप

नाशिक.

पंत_सातारकर

मग सुटलो. मी सातारा सोडून कुठे शिकवले नाही. पण सव्वीस वर्षे दरवर्षी या ओळीपाशी थांबून मीही फळ्यावर तेच लिहीत होतो, 'एक प्रकारचे रणशिंग'. गाइडमध्ये तसेच होते. कोश उघडला तो निवृत्तीनंतर.